पलटणीचे नाव

गेल्या प्रजासत्ताक दिनी आमच्या वसाहतीत झेंडावंदन आटोपल्यावर माजी सैनिकांचा छोटासा सत्कार ठेवला होता. पुण्यातल्या जुन्या वसाहतींत निवृत्त फौजी माणसे बरीच असतात आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये, वसाहतीला त्यांची आठवण होते. थंडी होती. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर साचलेले दव कोणी तरी जुन्या वर्तमानपत्राने पुसत होते, ध्वनिक्षेपक मधूनच शीळ घालत होता आणि मागे उपम्याच्या पातेल्याचे झाकण वाजत होते. सूत्रसंचालन करणारा तरुण संगणक क्षेत्रातला, मनमिळाऊ, कोणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारा. तो हातातल्या कागदावरून एकेकाचा परिचय वाचत होता. पहिले गृहस्थ मराठा लाइट इन्फंट्रीचे, दुसरे सिग्नल्सचे, तिसरे राजपूत रेजिमेंटमधून निवृत्त झालेले. चौथ्या परिचयाशी तो किंचित अडखळला, कागदाकडे पुन्हा पाहिले आणि म्हणाला, "पायदळाच्या एका नामवंत रेजिमेंटमध्ये राहून यांनी देशाची सेवा केली." शाल आणि नारळ स्वीकारून ते सुभेदार ध्वनिक्षेपकापाशी आले आणि आवाज न चढवता म्हणाले, "मी महार रेजिमेंटचा. नाव वाचायचं राहिलं, म्हणून सांगितलं." टाळ्या पडल्या, पण अर्धा क्षण उशिराने.

तो अर्धा क्षण पुढे बरेच दिवस माझ्या मनात राहिला. त्या तरुणाच्या मनात काही वाईट होते असे मला मुळीच वाटत नाही. त्याने ते नाव सौजन्यापोटीच गाळले, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. जात विचारू नये, चारचौघांत जातीचा उल्लेख करू नये, असे संस्कार झालेल्या घरात तो वाढला आहे आणि ते संस्कार चांगलेच आहेत. मग ध्वनिक्षेपकावरून, सत्काराच्या वेळी, एखाद्या वयोवृद्ध माणसाच्या परिचयात ते नाव घेणे त्याला असभ्यपणाचे वाटले असणार. मात्र मराठा आणि राजपूत हीदेखील जातींचीच नावे आहेत, हे त्याच्या ध्यानातही आले नव्हते. ती वाचताना त्याचा आवाज उलट थोडा चढला होता. कोणत्या जातीचे नाव घेतल्याने माणसाचा मान वाढतो आणि कोणत्या जातीचे नाव गाळल्याने तो राखला जातो, याचा हिशेब त्याला कोणी बसून शिकवलेला नव्हता. तो त्याच्या कानांतच होता. माझ्याही होता, कारण तो अडखळला तेव्हा कागदावर काय लिहिलेले असेल, हे मला ऐकण्याआधीच कळले होते.

आणि ज्याचा मान राखायचा म्हणून नाव गाळले, त्या माणसाला ते हवे होते.

आमच्या घरात पलटणीच्या नावाविषयी असा संकोच कधी नव्हता. माझे आजोबा पाचव्या मराठा पलटणीत हवालदार होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून आले होते. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी माजघरात त्यांची लोखंडी ट्रंक होती. ती उघडली की डांबराच्या गोळ्यांचा, जुन्या लोकरीचा आणि पितळ घासायच्या पॉलिशचा एक संमिश्र वास येई. खाली, फडक्यात गुंडाळलेला, टोपीवरचा बिल्ला असे. आम्हा मुलांना तो हातात घेऊ देत, पण बोटांचे ठसे उमटले की पुसून ठेवावा लागे. इटलीबद्दल ते फार बोलत नसत. चिखल, खेचरे, द्राक्षांचे मळे आणि डोंगरावरून दिवसरात्र येणारे जर्मन तोफगोळे, एवढ्यावर त्यांची गोष्ट संपे. पलटणीचे नाव मात्र ते असे घेत, की बाकीचे सगळे सांगायची गरजच उरत नसे. मराठा हा शब्द आमच्या घरात जातीचाही होता आणि पलटणीचाही. त्यातला कोणता कधी वापरला जातो आहे, याचा विचार करण्याचे आम्हाला कधी कारण पडले नाही.

त्याच गावात, गावकुसाबाहेरच्या वस्तीत, आणखी एक पेन्शनर होते. ते महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, म्हणजे हुद्द्याने आजोबांच्या वरचे. दोघांची पेन्शन तालुक्याच्या ट्रेझरीत निघे, त्यामुळे पेन्शनीच्या दिवशी दोघे एकाच एसटीने जात. मला घेऊन जात, कारण येताना भजी मिळत. ट्रेझरीसमोरच्या लिंबाखाली पंचक्रोशीतले फौजी जमलेले असत आणि तिथे आजोबा त्या सुभेदारांसमोर टाचा जुळवून उभे राहत, "राम राम साहेब" म्हणत आणि बाकावर त्यांना आधी बसू देत. हे मला मोठे नवलाचे वाटे. कारण गावात तेच सुभेदार आमच्या ओट्याच्या पायरीपाशी उभे राहून बोलत, आजोबा त्यांना नुसत्या नावाने हाक मारत आणि आजी चहा बाहेर ठेवलेल्या कपातून देई. तालुका आणि गाव यांच्यामधल्या तासाभराच्या रस्त्यात कुठे तरी हुद्दा उतरत असे आणि जात चढत असे. दोघांपैकी कोणीही त्याविषयी कधी बोलल्याचे मला आठवत नाही. सुभेदारांच्या पॅन्टची इस्त्री मात्र गावातही तालुक्याइतकीच कडक असे.

आजोबा ढोंगी होते, असे म्हणून मला मोकळे होता येत नाही. लिंबाखालचा तो सलाम खरा होता. ओट्याची पायरीही खरी होती. सैन्याने माणसाला एक दुसरी ओळख दिली, तिला नियमांचे, पगाराचे आणि शिक्षेच्या भीतीचे बळ होते आणि जिथवर ते बळ पोहोचत होते तिथवर ती ओळख टिकत होती. छावणीची हद्द कुठे संपते, हे आमच्या गावातल्या कोणत्याही माणसाला नकाशाशिवाय सांगता आले असते.

या हद्दीची गोष्ट जुनी आहे. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपायांचा वाटा मोठा होता आणि विशेष म्हणजे ती फौज जातीचे सोवळेओवळे फारसे चालवून घेत नसे. बंगाल फौजेत उच्चवर्णीय शिपायांच्या जेवणाखाणाचे, प्रवासाचे आणि शिवाशिवीचे नियम सरकार सांभाळत होते, तर मुंबईच्या पलटणीत मराठा, महार, मुसलमान, कोकणातले बेने इस्रायली आणि उत्तरेकडून आलेले ब्राह्मण शिपाई एका रांगेत उभे राहत होते. १८१८ च्या भीमा कोरेगावच्या लढाईच्या जयस्तंभावर कोरलेल्या ४९ मृतांच्या नावांपैकी २२ नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात, आणि हा प्रत्यय कोणाच्या नावाला लागे हे महाराष्ट्रात सांगावे लागत नाही. त्या लढाईवर इतके बोलले गेले आहे, की मला तिच्यात शिरायचे नाही. मला त्या दगडावरची यादी महत्त्वाची वाटते, ती तिच्यातल्या शेजारामुळे. ज्या काळात गावाच्या कोणत्याही कागदावर ही नावे इतरांच्या बरोबरीने एका यादीत आली नसती, त्या काळात ती एका दगडावर आली.

त्या नोकरीने आणखी दोन गोष्टी दिल्या, ज्यांचा आवाज बंदुकीपेक्षा कमी पण पल्ला अधिक होता. एक पेन्शन आणि दुसरी शाळा. कोकणात दापोलीला अजूनही जुनी माणसे 'कॅम्प दापोली' म्हणतात. तिथे लष्करी पेन्शनरांची वस्ती झाली आणि त्यांत महार पेन्शनरही होते. महिन्याच्या महिन्याला रोख पैसा येणारे घर बलुत्यावर अवलंबून राहत नाही, पाटलाच्या वाड्यासमोर वाकून उभे राहण्याची त्याची गरज थोडी कमी होते. पलटणीतल्या शाळांचे तर विचारूच नये. शिपायांच्या मुलांना आणि घरातल्या बायकांनाही तिथे अक्षरओळख होत असे. रामजी मालोजी सकपाळ अशा लष्करी शाळेत वर्षानुवर्षे मुख्याध्यापक होते. त्यांचा धाकटा मुलगा १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्माला आला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या जन्माच्या मागे दोन पिढ्यांची लष्करी नोकरी, सुभेदारांनी भरलेले आजोळ आणि लिहिता-वाचता येणारे घर उभे होते, हे मात्र जयंतीच्या भाषणांत एका वाक्यात उरकले जाते.

आणि हद्दीचेच बोलायचे, तर ते त्या मुलानेच पुढे लिहून ठेवले आहे. १९०१ सालची गोष्ट. वडील निवृत्तीनंतर खटाव तालुक्यातल्या गोरेगावी खजिनदाराचे काम करत होते आणि मुले साताऱ्याहून त्यांना भेटायला निघाली होती. अंगावर नवे कपडे, डोक्याला जरीची टोपी. मसूर स्टेशनवर उतरल्यावर त्यांना न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची मुले वाटली. कोण म्हणून विचारल्यावर भीमराव उत्तरले आणि मास्तरचा चेहरा पालटला. गाडीवाले दुप्पट भाडे मिळत असूनही तयार होईनात. शेवटी एकजण तयार झाला तो या अटीवर, की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. सुभेदाराची मुले होती ती. मसूर आमच्या गावापासून फार दूर नाही. त्या स्टेशनवरून मी पुष्कळदा गेलो आहे आणि प्रत्येक वेळी बैलगाड्या कुठे उभ्या राहत असतील, याचा अंदाज घेत राहिलो आहे.

मुलगा वर्षभराचा असतानाच ते दार बंद झाले होते. १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती थांबवण्यात आली. फ्रेडरिक रॉबर्ट्स तेव्हा हिंदुस्थानचे सरसेनापती होते. दक्षिणेकडच्या आणि मुंबईकडच्या लोकांची लढाऊ वृत्ती दीर्घ शांततेत ओसरली आहे, खरे लढवय्ये उत्तरेला आणि वायव्येला आहेत, असे त्यांचे ठाम मत होते. यातूनच लढाऊ जमातींचा सिद्धान्त फोफावला. त्यापुढे कोणी मद्रासचा जिंकलेला इतिहास दाखवला किंवा कोणी कोरेगावचा, तरी काही उपयोग नव्हता. त्याच वेळी पलटणींची रचनाही बदलत होती. एक कंपनी एका जातीची, अशी मांडणी आली आणि तिच्यात महारांची कंपनी कोणाला नको होती, कारण शेजारच्या कंपनीला ती नको होती. ज्या फौजेने जात मानली नव्हती तिला जात मानायला लावणारे हे लोक साहेब होते, विलायतेत शिकलेले होते आणि आपण शास्त्रीय काही करतो आहोत अशी त्यांची समजूत होती. आपल्याकडच्या जातीला वंशशास्त्राचा मुलामा मिळाला आणि ती सरकारी झाली.

पुढे बाबासाहेबांनी १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावर लिहिताना लष्कराच्या घडणीचा हा सगळा हिशेब मांडला. पंजाबला झुकते माप मिळाले ते शौर्यामुळे नसून १८५७ साली तिकडच्यांनी इंग्रजांची बाजू घेतल्यामुळे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. माझ्या आजोबांच्या पलटणीलाही या सिद्धान्ताची झळ लागली होतीच. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मराठा पलटणींनी जे केले, त्यानंतर साहेबांचे त्यांच्याविषयीचे मत बदलले. म्हणजे लढाऊपणाचा दाखला देणारा आणि काढून घेणारा अधिकारी एकच होता. हे आजोबांना कोणी सांगितले असते, तर त्यांना ते रुचले नसते.

बंद दारावर पहिली थाप दिली ती एका निवृत्त हवालदाराने. गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढूळचे. १८८६ साली लष्करातून निवृत्त झाले, दापोलीत अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापन केली आणि १८९४ साली भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज तयार केला. पुढच्या वर्षी त्यांची महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा इतर सभासदांना त्यांच्या शेजारी बसणे नकोसे झाले. पुण्यात मेसॉनिक हॉलमध्ये बटलर असलेल्या शिवराम जानबा कांबळे यांनी हेच काम पुढे नेले. सासवडला सभा घेतली, दीड हजारांवर माणसांच्या नावाने सरकारकडे अर्ज धाडला, 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले आणि १९१० साली थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवले. त्यात लष्कर आणि पोलिसांतली साधी, खालच्या पायरीवरची नोकरीसुद्धा मागितली होती. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी सभेला गेले, त्यामागेही कांबळ्यांचीच खटपट होती.

ही निवेदने वाचताना मला दर वेळी एक अवघडलेपण येते. त्यांत राजनिष्ठेची आर्जवी भाषा आहे. आमचे पूर्वज इंग्रजांसाठी कुठे कुठे लढले याची जंत्री आहे. आपण मुळात क्षत्रियच होतो, दुष्काळाने आणि द्वेषाने खाली ढकलले गेलो, असा युक्तिवाद वलंगकरांनीही केला आहे. ज्या मोजपट्टीने आपल्याला नाकारले, त्याच मोजपट्टीवर आपले माप पुरे भरते, हे सिद्ध करण्याची ही धडपड आहे. स्वातंत्र्याच्या चळवळीचे वारे सुरू झालेल्या काळात परक्या सरकारची बंदूक खांद्यावर घेऊ द्या, असे विनवणारी ही माणसे त्या वेळच्या देशभक्तांना कशी दिसली असतील, याची कल्पना करता येते. पण आमच्या ओट्याची पायरी आठवली की माझे मत बदलू लागते. त्या अर्जांमागे पेन्शन होती, शाळा होती, गावाबाहेर जाण्याचा रस्ता होता. ज्यांच्याकडे जमीन होती, विद्या होती, त्यांना सरकारी नोकरी नाकारण्याचा अभिमान परवडत होता.

१९१७ साली महायुद्धाला माणसे कमी पडू लागली तेव्हा दार किलकिले झाले आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, काटकसर आली, १९२१ साली ती पलटण मोडली.

मग आणखी एक महायुद्ध यावे लागले. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेबांची संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली आणि त्यांनी ही मागणी तिथे लावून धरली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. गंमत अशी, की बेळगाव म्हणजे मराठा पलटणीचेच गाव. माझे आजोबा ज्या मैदानावर घडले त्याच गावातल्या दुसऱ्या मैदानावर, त्याच दोन-चार वर्षांत, आमच्या गावचे ते सुभेदार रंगरूट म्हणून डावे-उजवे शिकले असतील. रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बोधचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दगडावरची यादी अशी टोपीवर आली.

इथे मला अमेरिका आठवते, आणि ती उगीच आठवत नाही. त्याच युद्धात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकनांनी गणवेश चढवला होता आणि त्यांच्या तुकड्या गोऱ्यांपासून वेगळ्या होत्या. त्यांतले हजारो जण आपल्याकडे आसामात आले होते. लेडोपासून ब्रह्मदेशातून चीनकडे जाणारा जो रस्ता त्या चिखलात, मलेरियात आणि पावसात अमेरिकन सैन्याने काढला, त्यावर राबलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. हुकूम देणारे बहुतेक गोरे. त्यांचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांची मागणी एकच होती, की या वेगळ्या तुकड्या बंद करा. त्यांनी वेगळ्या तुकड्यांच्या सैन्यात जाण्यास तरुणांनी नकार द्यावा, असे उघड सांगितले. २६ जुलै १९४८ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी कार्यकारी आदेश ९९८१ काढून सैन्यात वंशभेदाविना समान वागणूक आणि समान संधी जाहीर केली. सेनाधिकाऱ्यांनी पुष्कळ चालढकल केली, कोरियाच्या युद्धात गोऱ्या तुकड्यांना माणसे कमी पडू लागली तेव्हा कुठे अंमलबजावणीला वेग आला आणि १९५४ पर्यंत शेवटची केवळ कृष्णवर्णीय तुकडी संपली. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांना पत्र लिहून दोन्हीकडच्या स्थितीतल्या साम्याचा उल्लेख केला होता, म्हणून ही तुलना मला परकी वाटत नाही.

तरी मागण्या उलट्या होत्या. तिकडे वेगळी तुकडी हाच अपमान होता. इकडे वेगळी रेजिमेंट मिळणे हा विजय ठरला.

याचे कारण शोधताना मला असे दिसते, की आपल्या पायदळात मिसळून जायला सामाईक असे काही उरलेलेच नव्हते. ज्या पंगतीत जाट, डोगरा, राजपूत, मराठा अशी प्रत्येकाची पाने वेगळी मांडलेली आहेत, तिथे ज्याचे पानच नाही त्याने आधी पान मागायचे, की पंगतच मोडा म्हणायचे? रँडॉल्फ यांना मोडण्यासारखी एकच भिंत समोर होती. इथे भिंतींचेच घर होते. बाबासाहेबांनी जातिसंस्थेचे समूळ उच्चाटन मांडले होते, त्याच माणसाने जातीच्या नावाची रेजिमेंट मागितली, यात विसंगती शोधणारे लोक मला भेटतात. मला ती विसंगती वाटत नाही. बंदूक कोणत्या नावाने हातात आली यापेक्षा ती हातात आली, हे १९४१ साली अधिक मोलाचे होते. मात्र एवढे मान्य करूनही काही तरी खुपत राहते. दार उघडले गेले ते पुन्हा जातीची पाटी लावूनच, आणि ती पाटी लावण्याची अट ज्यांनी घातली होती त्यांना कोणी जाब विचारला नाही.

पुढे त्या पाटीचे जे झाले ते मात्र कोणी योजून केलेले नव्हते. १९४६ साली रेजिमेंट मशीनगनची झाली. बोधचिन्हावर एकमेकींना छेदणाऱ्या व्हिकर्स मशीनगन आल्या आणि पुढच्या काळात तिच्यात देशभरातल्या सगळ्या जातिधर्मांची माणसे भरती होऊ लागली. जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटने दिले. १९८७ साली श्रीलंकेत परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन आठव्या महारमधले. आज मध्य प्रदेशातल्या सागरच्या प्रशिक्षण केंद्रातून शपथ घेऊन बाहेर पडणाऱ्या जवानांत सगळे एका जातीचे नसतात, नाव मात्र तेच आहे.

सत्कारानंतर काही दिवसांनी सकाळी फिरताना ते सुभेदार भेटले. त्या प्रसंगाचा विषय मी काढला, तर ते हसले. "पोरगा चांगला आहे," म्हणाले, "लाजला बिचारा." मग चालता चालता आपल्या सेक्शनबद्दल सांगू लागले. एक ओडिशाचा होता, ब्राह्मण, जानवे घालणारा. एक गुजरातचा, एक मध्य प्रदेशातला, दोघे विदर्भातले. दुसऱ्या पलटणीशी हॉकीचा सामना असला की तो ओडिशाचा ब्राह्मण सगळ्यांत मोठ्याने ओरडायचा, "हम महार हैं!" हे सांगताना सुभेदार थांबले आणि त्या ओरडण्याची नक्कल त्यांनी रस्त्यातच, मोठ्याने, करून दाखवली. दूधवाला सायकल थांबवून बघू लागला. मी हसत होतो आणि त्याच वेळी सुभेदारांची स्वतःची जात कोणती असेल, हा प्रश्न माझ्या मनात वळवळत होता. त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. ज्या रेजिमेंटने तो प्रश्न निरर्थक करून टाकला होता तिच्याविषयी ऐकतानाही तो माझ्या मनातून गेला नव्हता, हे मी पाहत होतो. ओडिशातला तो ब्राह्मण आपल्या गावी सुट्टीवर गेल्यावर पलटणीचे नाव कसे सांगत असेल? खांद्यावरची पितळी अक्षरे बसस्टँडवर उतरताना काढून खिशात ठेवत असेल का? सुभेदारांना मी एवढेच विचारले. ते म्हणाले, "पहिल्या सुट्टीला काढली असतील. नंतर नाही काढत कोणी."

स्वतंत्र भारताने १९४९ साली सैन्यभरती सर्व वर्गांना खुली असल्याचे धोरण घेतले आणि त्याच वर्षी जनरल करिअप्पांनी ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी केली, ज्यात देशभरातल्या सगळ्या समाजांचे जवान एकत्र यावेत अशी मांडणी होती. हा प्रयोग यशस्वी झाला, तरी जुन्या रेजिमेंटांची जातवार, प्रांतवार घडण पुष्कळशी तशीच राहिली. एकत्र वाढलेली, एक भाषा बोलणारी माणसे एकमेकांसाठी जिवावर उदार होतात, असे त्याचे समर्थन केले जाते. फौजेत राहिलेल्या माणसाने हे सांगितले की मी वाद घालत नाही, कारण आजोबांचीही तीच श्रद्धा होती. पण राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलात जाट, राजपूत आणि जाट शीख यांनाच का घेतात, असा प्रश्न २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयात याचिकेने उपस्थित झाला. समारंभासाठी उंची, बांधा आणि रूप यांत सारखेपणा लागतो, असे याचे स्पष्टीकरण लष्कराकडून दिले जात आले आहे. ते वाचताना मला सव्वाशे वर्षांपूर्वीचा साहेब पुन्हा बोलू लागल्याचा भास झाला. २०२२ च्या अग्निपथ योजनेने सर्व रेजिमेंटांत सर्व समाजांची भरती हे तत्त्व पुढे आणले आहे. ते कितपत मुरते, हे कळायला वेळ लागेल.

दुसऱ्या महायुद्धात आणखी एक रेजिमेंट उभी राहिली होती. १ मार्च १९४३ रोजी उभी केलेली चमार रेजिमेंट. ती ब्रह्मदेशच्या आघाडीवर, कोहिमाकडे लढली आणि १९४६ साली मोडली गेली. ती पुन्हा उभी करावी, ही मागणी उत्तरेत अधूनमधून होते आणि तिच्यावर आमच्यासारख्या लोकांची प्रतिक्रिया ठरलेली असते, की या काळात जातीच्या नावाची नवी पलटण कशाला. मलाही आधी तसेच वाटते. नंतर मी विचार करतो, की मराठा, राजपूत, जाट, डोगरा ही नावे कोणी उतरवायला निघाले आहे का? तसे काही माझ्या ऐकिवात नाही. आजोबांच्या पलटणीचे नाव बदला असे उद्या कोणी म्हणाले, तर आमच्या घरातून पहिला विरोध होईल आणि त्यात मी नसेन असे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. मग १९४६ साली ज्यांचे नाव पुसले गेले, त्यांनी ते परत मागू नये, हे त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगणार?